अदिन्नादान आणि विद्यार्थ्याची लेखणी

दर पौर्णिमेला आपण विहारात एकत्र येतो, त्रिसरण घेतो आणि पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचे आहे. त्याचा अर्थ आपण 'चोरी न करणे' एवढाच सांगून मोकळे होतो. परंतु शब्दाची फोड केली तर अर्थ अधिक व्यापक आहे. 'दिन्न' म्हणजे दिलेले, 'अदिन्न' म्हणजे न दिलेले आणि 'आदान' म्हणजे घेणे. जे आपणांस कोणी दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदिन्नादान होय.

घर फोडणारा, खिसा कापणारा, शेताच्या धुऱ्यावरचा दगड रात्रीतून सरकवणारा, हे सारे आपल्याला ओळखू येतात. दुसऱ्याने लिहिलेला परिच्छेद उचलून त्याखाली स्वतःचे नाव घालणारा मात्र ओळखू येत नाही. उलट टाळ्यांच्या गजरात त्याचा सत्कार होतो. लेखणीच्या या चोरीला वाङ्मयचौर्य म्हणतात. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाशी तिचा निकटचा संबंध आहे, म्हणून या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

निबंध स्पर्धेत काय आढळले?

गेल्या वर्षी भीमजयंतीनिमित्त राळेगाव व आसपासच्या खेड्यांतील बारावी ते बी.ए. पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा घेण्यात आली. विषय होता 'बाबासाहेबांचे विद्यार्थी जीवन'. निबंध तपासण्याचे काम ज्या तिघांवर सोपविले होते त्यांपैकी एक आम्ही होतो. दिवसभर बँकेत कारकुनी करायची आणि रात्री जेवणानंतर निबंधांचा गठ्ठा सोडायचा, असा क्रम चार-पाच दिवस चालला.

पहिले तीन निबंध वाचून आनंद वाटला. भाषा शुद्ध, विचार प्रौढ! चौथा निबंध उघडला तेव्हा तोच परिच्छेद पुन्हा समोर आला. पाचव्यातही तोच. निम्म्याहून अधिक निबंधांची सुरुवात एकाच वाक्याने झाली होती आणि एका शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घाची चूकही सर्वांची सारखीच होती. मोबाईलवर फिरणारा एकच मजकूर अनेक हातांनी उतरवून काढला होता. एका विद्यार्थ्याने तर 'माहिती आवडल्यास पुढे पाठवा' ही शेवटची ओळदेखील सुवाच्य अक्षरात लिहून काढली होती! वाचून आधी हसू आले आणि मग वाईट वाटले.

त्या मजकुरात बाबासाहेबांच्या पदव्यांची संख्या ३२ दिलेली होती. कोणत्या पदव्या, कोणत्या विद्यापीठाच्या, कोणत्या साली, याचा पत्ता एकाही निबंधात नव्हता. वास्तविक बाबासाहेबांच्या पदव्या बोटांवर मोजून सांगता येतात. मुंबई विद्यापीठाची बी.ए.; कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम.ए. आणि १९२७ ची पीएच.डी.; लंडनची १९२१ ची एम.एस्सी. आणि १९२३ ची डी.एस्सी.; शिवाय ग्रेज इनमधून बॅरिस्टर. पुढे सन्मान म्हणून कोलंबियाने १९५२ साली एलएल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली डी.लिट. दिली. ज्या काळात आपल्या समाजाला शाळेच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्या काळात हे यश हिमालयाएवढे आहे. त्याला फुगविण्याची गरज नाही. फुगविलेला आकडा परक्याने तपासला आणि खोटा ठरला, म्हणजे तो खऱ्या आकड्यावरही संशय घेतो.

दुसरे उदाहरण 'वाघिणीचे दूध' या प्रसिद्ध वचनाचे. बाबासाहेबांनी शिक्षणाला असे म्हटले, हे बहुतेक निबंधांत होते. कोठे म्हटले, केव्हा म्हटले, हे कोणीच लिहिले नव्हते. आम्ही शाळेत शिकलो ते असे, की इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. एकच उपमा दोघांच्या नावावर फिरू लागली, की मूळ पान उघडून पाहण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. जो उतरवून काढतो तो मूळ पान उघडतच नाही, आणि त्याची पहिली हानी तेथेच होते.

आरसा आमच्यासमोर आला

परीक्षकांच्या बैठकीत मतभेद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "लेकरं आहेत. हातानं चार पानं लिहिली, हेही काही कमी नाही." दुसरे म्हणाले, "सरसकट बाद करा." आमचे मत कडक होते. अखेर कोणालाच बाद न करता सर्वांना एका रविवारी विहारात बोलवावे, मूळ ग्रंथ पाहून निबंध पुन्हा लिहून घ्यावेत, असे ठरले. त्या रविवारी आम्ही मुलांना तासभर अदिन्नादान समजावून सांगितले. विहाराच्या कपाटातले ग्रंथ बाहेर काढून दिले.

पुढच्या रविवारी बी.ए. द्वितीय वर्षाला असलेली एक मुलगी दोन पुस्तके घेऊन आमच्याकडे आली. एक चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र आणि दुसरी आपली जुनी स्मरणिका. स्मरणिकेत बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेवर आमचाच लेख होता. तिने दोन्ही पुस्तके उघडून शेजारी ठेवली आणि अगदी हळू विचारले, "काका, हे दोन्हीकडे सारखंच आहे. तुमच्या लेखात खैरमोडे साहेबांचं नाव राहून गेलं काय?"

'राहून गेलं काय' हे शब्द तिने आमचा मान राखण्यासाठी वापरले होते. नाव राहून गेलेले नव्हते. लेख देण्याची तारीख जवळ आली होती, चरित्र समोर होते, आणि आम्ही दीड-दोन पाने क्रियापदे बदलून उतरवून घेतली होती. लेखाची वाहवा झाली, पुष्पगुच्छ मिळाला, आणि ते आमचेच लिखाण आहे असे काही दिवसांनी आम्हांलाही वाटू लागले. ज्या दोषासाठी मुलांना बाद करायला आम्ही निघालो होतो, तोच दोष आमच्या नावाने छापलेला होता.

त्या जुन्या लेखातील विद्यार्थिदशेचा भाग खैरमोडे यांच्या चरित्रग्रंथातून घेतलेला होता, तो आमचा नव्हे, हे आज येथे नमूद करीत आहोत. खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राची सामग्री जमविण्यात आयुष्य वेचले. १९५२ पासून त्यांच्या चरित्राचे खंड निघू लागले. आमच्या खात्यावर त्यांचे हे देणे होते. वाचकांचीही आम्ही क्षमा मागतो.

दुकानातून विकत घेतला, मग चोरी कशी?

त्या रविवारी मुलांनी काही प्रश्न विचारले. ते रास्त होते. एकाने विचारले, "प्रकल्प दुकानात तयार मिळतो. दुकानदार पैसे घेऊन देतो. मग न दिलेले आम्ही काय घेतले?" महाविद्यालयात पर्यावरणाचा प्रकल्प असतो, इतर विषयांचे स्वाध्याय असतात. झेरॉक्सच्या दुकानात ते तयार मिळतात, फक्त पहिल्या पानावर नाव व अनुक्रमांक घालायचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या शीलात पूर्ण मिळत नाही, त्यासाठी चौथ्या शीलाकडे जावे लागते. ते मुसावादापासून, म्हणजे असत्य बोलण्यापासून, दूर राहण्याचे आहे. दुकानदाराने दिले म्हणून ते कदाचित अदिन्न नसेल. परंतु 'हे मी केले' असे पहिल्या पानावर लिहून आपण शिक्षकाला जे सांगतो ते असत्य असते. मित्राने खुशीने वही दिली तरी तेच. वाङ्मयचौर्यात ही दोन शीले एकत्र भंग पावतात. लेखकाचे घेतले म्हणून दुसरे, आणि वाचणाऱ्याला फसविले म्हणून चौथे.

आज याच प्रश्नाला नवे रूप आले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे यंत्र लोकांसमोर आले आणि त्यानंतर तशी अनेक आली. मोबाईलवर विषय सांगितला की पानभर मराठी मजकूर तयार! येथे कोणा लेखकाचे नाव दडविले असे दिसत नाही, म्हणून मुलांना त्यात गैर वाटत नाही. पण शिक्षकाने यंत्राचे ज्ञान मागितलेले नसते. विद्यार्थ्याला काय समजले, हे त्याला पाहायचे असते. शिवाय हे यंत्र कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे ठामपणे सांगते. ते शब्द समजावून घेण्यासाठी वापरावे, शंका विचारावी, त्याने सांगितलेले ग्रंथात पडताळून पाहावे आणि वापरले असेल तर तसे लिहावे. त्याचा मजकूर आपला म्हणून देणे हा मुसावादच होय.

बाबासाहेबांनी काय केले?

आता ज्यांच्यावर निबंध लिहायचा होता त्यांचेच उदाहरण पाहू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि डॉ. केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांच्या त्यांच्या नावानिशी समोर ठेवल्या. प्रत्येकाचे काय बरोबर आणि काय अपुरे ते सांगितले. मग स्वतःचे मत मांडले, की जात टिकून राहण्याचे मर्म जातीच्या आतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. चार जणांची नावे घेतल्याने बाबासाहेब लहान झाले नाहीत. उलट त्या चौघांच्या पुढे ते कोठे गेले, हे त्यामुळेच वाचकाला दिसते. हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला, आणि शंभर वर्षांनंतरही अभ्यासक तो वाचतात.

रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात त्यांनी केन्स या नामांकित अर्थशास्त्रज्ञाशी नाव घेऊन मतभेद नोंदविला. ज्याच्याशी पटत नाही त्याचेही म्हणणे त्याच्या नावानेच मांडायचे, हा खरा विद्वत्तेचा शिष्टाचार आहे.

सर्वांत मोठे उदाहरण मात्र आयुष्याच्या शेवटच्या वर्षातील आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या घरोघरी आहे. तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. त्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना त्या पहिल्या आवृत्तीत आली नाही. पुढे भगवान दास यांनी १९८० साली बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांचा संग्रह काढला, त्यामुळे ती वाचकांपर्यंत पोचली. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब काय म्हणतात? आपण नवनिर्मितीचा दावा करीत नाही, निरनिराळ्या ग्रंथांतून सामग्री गोळा करून तिची जुळणी केली आहे, असे ते स्वच्छ सांगतात. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा ते मुद्दाम उल्लेख करतात आणि काही प्रसंगांच्या वर्णनात त्याची भाषादेखील घेतल्याचे कबूल करतात. स्वतःचे म्हणून ते एवढेच सांगतात, की विषयांचा क्रम आपला आहे आणि मांडणीत सोपेपणा व स्पष्टपणा आणण्याचा प्रयत्न आपण केला आहे.

वाचकहो, जगातील थोर विद्वानांत ज्यांची गणना होते त्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाबद्दल हे लिहावे! लहानपणी बुद्धाचे चरित्र भेट देणारे दादा केळुसकर त्याच प्रस्तावनेत आहेत. हस्तलिखित पुन्हा पुन्हा टंकलिखित करून देणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचेही आभार त्यांच्या गावांच्या नावांसह त्यात आहेत.

ज्याने जे दिले त्याची नोंद करायची, हा त्यांचा बाणा होता. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ पाली ग्रंथांतील आधारस्थळे शोधून दिली, तीही याच बाण्याला धरून. आज महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९२ साली काढलेल्या अकराव्या खंडात हा ग्रंथ उपलब्ध आहे.

दुसऱ्याचे शब्द आणि आपली मुद्रा

हा दोष आजचा नाही. तुकोबांच्या गाथेत सालोमालोचा उल्लेख येतो. तो तुकोबांच्या अभंगांतील त्यांचे नाव काढून स्वतःचे घाली, म्हणून तुकोबांनी त्याला कठोर शब्द सुनावले आहेत. तेच तुकोबा स्वतःविषयी बोलताना आपले बोल म्हणजे पूर्वीच्या संतांचे उच्छिष्ट आहे असे नम्रपणे म्हणतात. ऋण मान्य करणारा तुकाराम घरोघरी आहे, आणि ऋण बुडविणारा सालोमालो केवळ त्या तक्रारीपुरता उरला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा शीर्षस्थानी तुकोबांच्या ओळी घेतल्या. मुद्रा पुसून नव्हे, तर तुकोबांच्या म्हणूनच घेतल्या.

थोर माणसांच्या हातूनही ही चूक होते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील निग्रो बांधवांचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधात दुसऱ्यांचा मजकूर योग्य श्रेय न देता घेतलेला आहे, असा निष्कर्ष त्या विद्यापीठाच्या समितीने १९९१ साली काढला. पदवी काढून घेतली नाही, पण ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीला त्यासंबंधीचे पत्र जोडण्यात आले. विशेष म्हणजे हा दोष शोधून काढणारे त्यांचे विरोधक नव्हते. त्यांचेच कागदपत्र संपादित करणारे अभ्यासक होते. किंग यांच्या लढ्याची थोरवी याने कमी होत नाही. पण आपल्या माणसाचा दोष आपणच प्रामाणिकपणे नोंदवावा, हा धडा त्यातून घेता येतो. आपल्या देशातही कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंना अशाच आरोपावरून २००३ साली पद सोडावे लागले.

नियम काय सांगतो आणि कोठे थांबतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी विनियम काढले. संशोधकाचा मजकूर संगणकाद्वारे इतर लिखाणाशी ताडून पाहिला जातो. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष मनाई आणि ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अवतरण म्हणून नावासह घेतलेला मजकूर मात्र या साम्यात धरीत नाहीत. म्हणजे नाव देणाऱ्याला नियमाचे भय नाही.

परंतु हे विनियम पदव्युत्तर व संशोधनपर लिखाणासाठी आणि प्रकाशित होणाऱ्या लिखाणासाठी आहेत. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून वगळलेल्या आहेत. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे, पण घरी बसून लिहिलेल्या निबंधाशी त्याचा संबंध येत नाही. तेव्हा आमच्या बी.ए. च्या मुलीने प्रकल्प उतरवून काढला, तर तिला हे यंत्र पकडणार नाही आणि हा नियमही लागू होणार नाही. तेथे शिक्षकाची नजर आणि आपले शील एवढेच काय ते राखणदार आहेत.

मुलांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. पाने मोजून गुण दिले जातात, म्हणून पाने भरली जातात. घरात पुस्तक नाही, आईबाप दिवसभर शेतावर कामाला, मूळ ग्रंथ इंग्रजीत, आणि 'आपल्या शब्दांत लिहा' म्हणजे नेमके काय करायचे, हे कधी कोणी बसवून शिकविलेले नाही. ज्याला शिकविले नाही त्याला चोर म्हणणे हा अन्याय आहे. म्हणून थोडे शिकवू या.

प्रामाणिक लिखाण कसे करावे?

बँकेत व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही. पैसे कोणाकडून आले आणि कोणाच्या खात्यातून गेले, हे कागदावर हवे. लिहिताना हाच नियम पाळावा.

१) टिपण काढताना वहीच्या वरच्या बाजूस ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव आणि पृष्ठ क्रमांक आधी लिहावा, मजकूर नंतर. आधी मजकूर लिहिला की नाव हमखास राहते.

२) जसेच्या तसे घेतलेले वाक्य लगेच अवतरण चिन्हांत टाकावे. आपल्या मनात आलेला विचार समासात वेगळ्या शाईने लिहावा. महिन्याभराने वही उघडली तरी आपले कोणते आणि परके कोणते, हे कळले पाहिजे.

३) समजलेले लिहिताना पुस्तक मिटावे. उघडे पुस्तक समोर ठेवून 'लग्ना'च्या जागी 'विवाह' आणि 'म्हणाले'च्या जागी 'उद्गारले' केल्याने वाक्य आपले होत नाही. आम्ही तेच केले होते. पुस्तक मिटून घरच्या माणसाला तो मुद्दा सांगून पाहावा. सांगता आला तर समजला, आणि मग तो लिहावा.

४) आपल्या शब्दांत लिहिले तरी विचार ज्याचा त्याचे नाव द्यावेच. उदाहरणार्थ असे लिहिता येईल: डॉ. आंबेडकर यांनी १९१६ च्या निबंधात जातीअंतर्गत विवाह हे जात टिकण्याचे मूळ मानले आहे. आमच्या वस्तीत तीन पिढ्यांत जातीबाहेर किती लग्ने झाली, हे मी आजीला विचारले तेव्हा असे कळले... यात पहिला भाग बाबासाहेबांचा आहे आणि दुसरा विद्यार्थ्याचा. परीक्षकाला हा दुसराच भाग हवा असतो.

५) सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला आधार देण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, हे कोणाची परवानगी न घेता लिहावे. पण त्या दिवसाविषयी एखाद्याने मांडलेला खास विचार त्याच्या नावानेच लिहावा.

आपल्यासाठी हा प्रश्न अधिक मोठा का?

धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात एक दृष्टांत आहे. पुष्कळ वचने पाठ म्हणणारा पण त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य दुसऱ्यांच्या गायी मोजणाऱ्या गुराख्यासारखा असतो, असे तेथे सांगितले आहे. आपल्या भागातला गायकी रोज सकाळी गावभरच्या गायी हाकून नेतो आणि संध्याकाळी मोजून परत करतो, पण दूध त्याच्या वाट्याला येत नाही. उतरवून काढलेल्या निबंधाचे असेच आहे. गुण मिळतात, पण मनात काही उरत नाही. पुढे स्पर्धा परीक्षेत वा मुलाखतीत स्वतःचे चार शब्द बोलायची वेळ येते, तेव्हा ते सापडत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांना लिहू दिले गेले नाही, म्हणून त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले. बाबासाहेबांनी पत्राचे नाव 'मूकनायक' ठेवले, कारण समाज मुका होता. आज लेखणी आपल्या हातात आहे. अशा वेळी आपल्या मुलीने कोणाचा तरी परिच्छेद उतरवून काढला, तर ती पुन्हा मुकीच राहिली की! तिने जे पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. ते तिने लिहिले नाही, तर ते कायमचे हरवेल.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहून आणला तो अवघा दीड पानाचा होता. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची माहिती तिने खैरमोडे यांचे नाव देऊन आठ ओळींत सांगितली होती. पुढे तिने आजीविषयी लिहिले होते. आजी कापूस वेचायला जाई, शाळेची पायरी तिने कधी चढली नाही. निराधार योजनेचे पैसे काढायला ती बँकेत आली की अंगठा देते. 'आजीला अक्षर येत नाही, पण तिचा अंगठा दुसऱ्या कोणाचा चालत नाही', असे तिने लिहिले होते. आम्ही रोज असे अंगठे घेतो. साहेबांसमोर, साक्षीदारासमोर, शाई पुसून पुन्हा घेतो. हे वाक्य आम्हांला कधी सुचले नव्हते. परीक्षकांनी एकमताने त्या निबंधाला पहिला क्रमांक दिला. ते वाक्य येथे तिच्या अनुमतीने घेतले आहे, आणि नाव तिच्याच इच्छेने छापलेले नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी आम्ही मंडळाला तीन सूचना केल्या आहेत. निबंधाच्या शेवटी वापरलेल्या पुस्तकांची नावे लिहिणे सक्तीचे असावे. निम्मे गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निरीक्षणासाठी असावेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पाच मिनिटे समोर बसवून त्याच्या निबंधावर प्रेमाने दोन प्रश्न विचारावेत. हाच नियम स्मरणिकेतील लेखांनाही लागू करावा, आणि त्याची सुरुवात आमच्या लेखापासून करावी.

येत्या पौर्णिमेला दुसरे शील म्हणताना घरातील, शेतातील आणि दुकानातील वस्तूंबरोबर दुसऱ्याचे वाक्यही आपल्या ध्यानात असू द्यावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!